तिखटाला ठेवलेले हातमोजे

गेवराईच्या बाजारात शेतीच्या दुकानात हातमोजे मागितले की दुकानदार एकच विचारतो, "गड्याला का बाईला?" मागच्या महिन्यात मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं. म्हणलं, काम कोणतं ते आधी विचार की बाबा. काटे तोडायचेत, का माती कालवायची, का औषध मारायचंय, ते विचार आणि मग माल काढ. तो हसला. त्यानं काउंटरवर पांढऱ्या कापडाचे, तळव्याला निळे रबरी ठिपके असलेले हातमोजे टाकले आणि म्हणाला, "घ्या मावशी, सगळ्याला चालतेत ह्ये."

सगळ्याला चालतेत म्हणणाऱ्याच्या मुस्काटात द्यावी वाटते मला. दुकानात ते करता येत नाही म्हणून मी समजावून सांगितलं, आणि माझं समजावून सांगणं म्हणजे भांडणच असतं, असं माझा नवरा म्हणतो. लिंबाच्या नि बोराच्या काट्याला चामड्याचे लागतात, जाड, मनगटाच्या वर जाणारे. बाकी सगळ्यातून काटा आरपार जातो. हे ठिपक्याचे कापडी कोरड्या कामाचे. कुदळ धरा, पिशव्या उचला, विटा वाहा. ओली माती नि शेणखत कालवायचं तर तळव्याला रबर चढवलेले पातळ, नाहीतर बोटं चिरतात. आणि औषधाला नुसत्या रबराचे, कोपरापर्यंत, आत अस्तर नसलेले, कुठंही भोक नसलेले. चामडं औषध पितं. कापड त्याहून पितं, आणि पिऊन ते हाताला धरून ठेवतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमीच दुकान टाका." मी म्हणलं, तू आधी तुझं नीट चालव.

हे सगळं मला शिबिरात कळलं. पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकलेलं आहे. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. ह्यापुढं जे सांगते आहे ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

आमची नर्सरी तलवाड्याच्या रस्त्याला आहे. आमची म्हणजे मी, माझा नवरा, माझे मोठे दीर आणि थोरली जाऊ. सीताफळाची कलमं, थोडं लिंबू, थोडा पेरू, चार वाफे गुलाबाचे. त्याआधी आम्ही चौघंही ऊस तोडायला जायचो, दिवाळी झाली की निघायचं ते उन्हाळ्यात परत. तिथं हातमोजा म्हणजे गड्याचा जुना पायमोजा, पुढून बोटांपुरता कापलेला. तोही डाव्या हाताला, ऊस धरायच्या. उजव्या हाताला घातला तर कोयता निसटतो आणि पायावर बसतो. कोणत्या हाताला झाकायचं नि कोणत्याला उघडं ठेवायचं एवढी अक्कल आम्हाला होती. ती मला पुढं ऐन वेळी का सुचली नाही, ह्याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते चांगलं नाही.

जावेबद्दल गोड बोलायची मला सवय नाही, आता मुद्दाम बोलणार नाही. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं दणकट, शाळेचं तोंड न बघितलेली. बोलते कमी, पण बोलली की मिरची झोंबावी तसं. मी दहावी पास. लग्न होऊन आले तेव्हा अख्ख्या वस्तीत शिकलेली सून मी एकटी, आणि सासूबाई ते चारचौघांत सांगायच्या. जावेला ते टोचलं असणार. तिनं मला कधी शिकलेली म्हणलं नाही. शाळंतली म्हणलं. "शाळंतलीला इचारा, चूल पेटवता येती का." बावीस वर्षं झाली ह्याला. आजही आठवलं की माझं टाळकं फिरतं.

पण तिच्या हाताला गुण होता. हे मी राग गिळून लिहिते आहे. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या भागात एका बागायतदाराच्या मळ्यात तिनं माळ्याजवळ बसून कलम बांधणं बघितलं, आणि दोन सीझनमध्ये ती त्या माळ्यापेक्षा बरं बांधायला लागली. नर्सरी उभी राहिली ती तिच्या ह्या कलेवर. कोयता सुटला तो तिच्यामुळं, माझ्या दहावीमुळं नाही.

कलम बांधणं ऐकायला सोपं आहे. गावठी सीताफळाचं रोप वीतभरावर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून गुंडाळायची. मख्खी एवढीच की रोपाची साल आणि काडीची साल एका बाजूनं तरी एकमेकीला चिकटून बसली पाहिजे. सुतभर सरकली तरी काडी काळी पडते. आपण ते डोळ्यानं बघतो. जाऊ बघायची नाही. अंगठ्याचं टोक त्या जोडावरून एकदा फिरवायची, मान दुसरीकडेच, कुणाशी तरी बोलत, आणि पट्टी ओढायला लागायची. साल कुठं सरकली ते तिच्या बोटाला कळायचं. म्हणून कलमाच्या कामाला हातमोजा नसतो, कितीही पातळ असला तरी. हात धुवायचे, पुसायचे आणि बसायचं.

आष्टीकडून, पाटोद्याकडून लोक जीप करून यायचे आणि फाटकातूनच विचारायचे, "कलमवाल्या बाई हायेत का?" फोन मी घ्यायचे, वाफ्यांच्या पाट्या मी लिहायचे, खतपाणी मी बघायचे. मला ओलांडून ते तिच्याकडं जायचे. मीही कलम बांधायला शिकले. तिनं शिकवलं नाही, मी चोरून बघून शिकले. माझी निम्मी लागायची, निम्मी वाळायची. एका वर्षी माझा अख्खा वाफा वाळला. ती सगळ्या मजुरणींसमोर म्हणाली, "शाळंतल्या हाताला झाड भेतंय." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्या दिवशी जेवले नाही.

त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, आमच्या बचत गटाला शिबिराचं बोलावणं आलं. गेवराईला एका मंगल कार्यालयात होतं. गटातर्फे मी गेले, कारण लिहायला-वाचायला मी. एक चष्मेवाली पोरगी होती शिकवायला. तिनं एकेक हातमोजा वर धरून दाखवला आणि कोणत्या कामाला कोणता ते दोनदा सांगितलं. कापडी हातमोजे औषधाला कधीच नको, हे तर तिनं आमच्याकडून म्हणवून घेतलं, बालवाडीसारखं. मीसुद्धा म्हणलं. शेवटी प्रत्येकीला एक पिशवी मिळाली. तिच्यात ठिपक्याच्या कापडी हातमोज्यांचे सहा जोड, चामड्याचा एक आणि कोपरापर्यंतचा हिरवा रबरी एक. पिशवी पोटाशी धरून सगळ्यांचा फोटो काढला.

घरी येऊन मी रबरी जोड हातात चढवून बघितला. नवाकोरा, गुळगुळीत. मला आठवलं ते वर्षाचं तिखट. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाचं तिखट होतं. मिरच्यांची देठं खुडायची, कांडून आणायचं, मग मसाला घालून हातानं कालवायचं. दोन दोन दिवस हातांची आग जात नाही, डोळ्याला हात लावायची चोरी. मी मनात म्हणलं, औषध मारायला गडी आहे, तो आजवर उघड्या हातानं मारत आला, मारेल. हा जोड पुढच्या तिखटाला होईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी तो पेटीत ठेवणीतल्या साड्यांखाली ठेवला. कुणाला दाखवला नाही. जावेला तर नाहीच नाही.

बाकीची पिशवी मात्र मी वाजवत गाजवत नर्सरीत नेली. शेडच्या पत्र्याला एक कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात: हातमोजे घातल्याशिवाय औषधाला हात लावू नये. कोणते हातमोजे ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर रबरी कुठंयत म्हणून कुणीतरी विचारलं असतं.

जावेनं एका मजुरणीकडून तो कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "आता हातालाबी झंपर शिवा म्हणावं." सगळ्या हसल्या. मी ठरवलं, हिला हातमोजे घालायला लावायचेच. रोज सकाळी मी तेच बोलायचे. आक्का, हातमोजे. आक्का, कागद लावलाय तिकडं. आक्का, शिबिरात काय सांगितलंय. ती कुदळीला घालायची नाही, पिशव्या भरायला घालायची नाही, मी बोललं की हात वर करून दाखवायची, बघ, दहाच्या दहा हायेत. तिची काळजी म्हणून मी बोलत होते असं कुणाला वाटलं असेल तर वाटू द्या. मला तिनं एकदा माझं ऐकलेलं बघायचं होतं.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे घरात पाऊल ठेवायला जागा नसते. पुरण, सोळा भाज्या, फुलोरा, लेकी-बाळी माहेरी आलेल्या. औषध मारणारा गडी सण म्हणून त्याच्या गावाला गेला. पावसानं वाफ्यांमधल्या वाटांवर गुडघ्याएवढं तण माजलं होतं, आणि सणानंतर माणसं रोपं न्यायला येणार होती. महालक्ष्म्या जेवायच्या आदल्या दिवशी जाऊ म्हणाली, मीच मारते तणनाशक, दुपारपातुर उरकतंय. मी पुरणाची डाळ निवडत होते. म्हणलं, मारा.

अकराच्या सुमाराला मी चहा घेऊन नर्सरीत गेले. ती पंप पाठीवर घेऊन वाटेवरनं उलटी उलटी येत होती. तिच्या दोन्ही हातांत ते पांढरे कापडी हातमोजे होते. पांढरे राहिले नव्हते. मनगटापर्यंत भिजून हिरवट झाले होते आणि बोटांच्या टोकांवरनं थेंब गळत होते. डब्यातलं औषध बुचानं मापताना सांडलं असणार, बादलीत काडीनं हलवताना हात बुडाला असणार, नोझल तुंबलं तेव्हा तिनं ते त्याच हातानं खोलून फुंकर मारून साफ केलं असणार. हे सगळं मला एका नजरेत कळलं. शिबिरातल्या पोरीचा आवाजसुद्धा कानात आला. आणि मला काय वाटलं ते सांगते. मला लई बरं वाटलं. मनात म्हणलं, आली का नाही लाइनीवर.

मी चहा बांधावर ठेवला आणि परत गेले. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. काढा ते, हात धुवा, एवढंच. मी घरी जाऊन वेलची कुटली.

संध्याकाळी पुरण वाटताना ती म्हणाली, "हाताला चुन्यानं पोळल्यागत व्हायलंय." खोबरेल लावलं, हळद लावली. दुसऱ्या दिवशी बोटं सुजून लाल झाली आणि तरी ती पुरणपोळ्या लाटत बसली, कारण महालक्ष्म्यांचा स्वयंपाक थोरल्या सुनेनं करायचा असतो आणि तो मान ती मला मेली तरी देणार नव्हती. मी दोनदा म्हणलं, "द्या इकडं." ती म्हणाली, "तुझ्या पोळीला कड राहती." तिसऱ्या दिवशी बोटांची कातडी सोलायला लागली. आठवड्याभरात नखं मुळापासून पिवळी पडून हलायला लागली. गेवराईच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि बीडला चामडीच्या डॉक्टरकडं जा म्हणाला. जाताना औषधाचा डबा घेऊन जा, असंही सांगितलं.

आम्ही दोघीच एसटीनं गेलो. दीर ट्रॅक्टरवर होते आणि माझ्या नवऱ्याला दवाखान्यात चक्कर येते. बीडच्या डॉक्टरनं डबा वाचला, हात उलटसुलट बघितले आणि विचारलं, "उघड्या हातानं मारलंत का?" जाऊ ताठ बसून म्हणाली, "न्हाई. हातमोजे घातलते की." तिच्या आवाजात चक्क तोरा होता. कसले, असं त्यानं विचारलं. "पांढरे. कापडाचे," ती म्हणाली. डॉक्टरनं पेन खाली ठेवला. म्हणाला, "बाई, त्यापेक्षा उघडे हात परवडले असते. अंगावर सांडलं की माणूस धुऊन तरी टाकतो. तुम्ही अर्धा दिवस हाताला त्याचं फडकं गुंडाळून फिरलात."

नखं येतील, तो म्हणाला, बोटांच्या टोकांचं सांगता येत नाही. संवेदना येते कधी कधी, कधी येत नाही. मला त्या डॉक्टरचा इतका संताप आला की मी फाइल ओढून घेतली. त्याचा काय गुन्हा होता, तर तो खरं बोलला. जाऊ त्याला विचारत होती, "माघ लागला की कलमं बांधायचीत, तवर व्हईल का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

परत येताना एसटीत खिडकीशी ती बसली होती, दोन्ही हात बँडेजमध्ये, पिशवी मांडीवर. मीच तोंड उघडलं, आणि उघडलं ते भांडायलाच. म्हणलं, "आक्का, जल्मात कुणाचं ऐकलं न्हाई तुमी. त्याच दिवशी कावून घातले?"

"तूच कागद लावला ना," ती म्हणाली. "रोज बोलायलीस, रोज बोलायलीस. सणाचं घर. म्हणलं घालावं, तुजं तोंड तरी बंद ऱ्हाईल."

गेवराई येईपर्यंत मी फाइलमधली चिठ्ठी उलटसुलट वाचत बसले. रबरी जोड पेटीत आहे, हे सांगायला तेवढा रस्ता पुरेसा होता.

दिवाळीपर्यंत आठ नखं गळून पडली. तिच्या हाताला पाणी चालत नव्हतं म्हणून साफसफाईत तिला कोरडं काम दिलं, पेट्या उघडून कपडे झटकायचे. मी माळ्यावर चढून डबे उतरवत होते. खाली बघितलं तर तिच्या मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी आणि हातात हिरवे हातमोजे. बोटांना धरता येत नव्हते म्हणून तळहातावर आडवे ठेवून ती बघत होती.

"ह्ये कशाला असतेत गं?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, "तिखटाला. तिखट कालवायला आणलेत."

ती म्हणाली, "बरं." तिनं ते होते तसे गुंडाळायला घेतले, गुंडाळता येईनात, मग मी उतरून गुंडाळले. ती दुसऱ्या साडीची घडी झटकायला लागली. मला वाटलं, सुटले. दिवसभर मी फराळाचं करत होते आणि दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत होते.

माघ लागला. नखं परत आली होती, जाड, वाकडी, पण आली होती. उजव्या अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं मात्र आली नाहीत. दिसायला चांगली, पण आत कुणी नाही. चहाचा पेला गरम आहे का गार, तिला ओठ लावल्यावर कळायचं. पोलक्याचं हुक तिला लावता येत नव्हतं; ते दिरांकडून लावून घ्यायची आणि मी बघते आहे असं दिसलं की त्यांनाच शिव्या द्यायची. तरी पहिल्या दिवशी ती हात धुऊन, पुसून, चाकू घेऊन पोत्यावर बसली. समोर सगळ्यात चांगल्या रोपांचा वाफा घेतला. आम्ही सगळ्या जणी तिकडं न बघता तिकडंच बघत होतो.

तिनं चीर दिली, काडी तासली, बसवली, अंगठा जोडावरून फिरवला. मग थांबली. परत फिरवला. मग तिनं रोप उचलून डोळ्यांजवळ नेलं, उन्हाकडं धरलं. मी तिला आजवर कधी कलमाकडं बघताना बघितलं नव्हतं. पट्टी बांधली, दुसरं घेतलं. चौथ्या की पाचव्या रोपाला मी ओरडले, "आक्का, रगत." चाकू अंगठ्यात शिरला होता आणि काडी लाल झाली होती. ती अजून तासतच होती.

मजुरणींपैकी एकीला रडू आलं. जाऊ तिच्यावर उखडली, "कोण मेलंय का?" अंगठ्याला चिंधी बांधून तिनं तो अख्खा वाफा एकटीनं पुरा केला, पाच दिवस लावून. पूर्वी तेवढं ती एका सकाळी करायची. कुणी मदतीला गेलं की चाकू दाखवायची.

सहाव्या दिवशी तिनं मला हाक मारली. बस म्हणाली. चाकू माझ्या हातात दिला आणि समोर पाट घेऊन बसली. त्यानंतर महिनाभर तिनं मला जे फाडून खाल्लं ते मी विसरणार नाही. "आंधळे, सालीला साल लाव. लाकडाला लाकूड न्हाई लावायचं. अंगठा कशाला दिलाय देवानं? दाब. इतकं न्हाई, पिळायचंय का त्याला? डोळे मीट. मीट म्हणते ना." मी उलटून बोलायचे, चाकू फेकायचे, उठून जायचे आणि परत येऊन बसायचे. मजुरणी आमच्यापासून चार वाफे लांब बसायला लागल्या. डोळे मिटून अंगठा फिरवता फिरवता एक दिवस मला ती साल कळली. केसाएवढी पायरी लागते बोटाला. ती लागली की सरकवायचं, नाहीशी झाली की बांधायचं. मी डोळे उघडले तर जाऊ माझ्या अंगठ्याकडं बघत होती. तिनं नुसतं पुढचं रोप माझ्यापुढं सरकवलं. मला तिच्या शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

फाल्गुन निम्मा झाला तेव्हा काड्या फुटायला लागल्या. माझ्या वाफ्यांत जिकडं तिकडं हिरवे डोळे. माझी इतकी कलमं कधीच लागली नव्हती. तिच्या वाफ्यात एकही नाही. सगळ्या काड्या काळ्या, बोट लावलं की खालून मोडणाऱ्या. इतकी वर्षं मी हेच मागत होते, तिचा वाफा वाळावा आणि माझा फुटावा, मजुरणींनी बघावं. तसंच झालं होतं आणि मला माझ्याच वाफ्याकडं बघवेना.

तिनं ती रोपं दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाहीत. दोन्ही तळहातांत धरून एकेक पिशवी बाजूला लावली. मग माझ्यासमोर पाटावर येऊन बसली, काड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. उशिराची काही रोपं बांधायची राहिली होती. ती काडी द्यायची, मी बांधायचे.

मला ते सहन होईना. मी रागानंच बोलले, मला दुसरं येत नाही. म्हणलं, "आक्का, पेटीतले हातमोजे तिखटाचे न्हाईत. औषधाचे हायेत. शिबिरात मिळालते. कापडाचे औषधाला घालायचे न्हाईत, ते मला आधीपासून ठावं होतं. त्या दिवशी चहा घेऊन आले तवाबी ठावं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली.

मी चाकू खाली ठेवला. म्हणलं, "कवापासून?"

"बीडला गेलतो तवापासून. डब्यावर चित्र हाय, कोपरापातुर हातमोज्याचं. मला वाचता येत न्हाई, चित्र तर दिसतंय. पेटीत तसलेच घावले."

"मग दिवाळीला मला कावून इचारलं, कशाला असतेत म्हणून?"

"वाटलं, सांगशील," ती म्हणाली. तिनं पुढची काडी दोन्ही हातांनी उचलली, एका हाताच्या चिमटीत ती राहत नव्हती, आणि माझ्यासमोर धरली.